दोन बोटं आत

सोमवार, ४

मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच घेऊन आले आहे. दुकानाच्या दारावर 'आठवडाभर बंद' अशी चिठ्ठी लावली. शाळेचे गणवेश शिवून द्यायच्या ऐन दिवसांत दुकान बंद ठेवणारी शिंपीण जगात मी एकटीच असेन.

का आले ते आधी लिहून ठेवते, म्हणजे या झगमगाटात विसरायला नको. माझा मुलगा, सत्तावीस वर्षांचा घोडा, पण मी त्याला अजून भिंगरीच म्हणते, कारण लहानपणी तो दोन मिनिटं एका जागी बसला तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. तीन वर्षं तो मला सांगतोय, थिएटरात दिव्यांचं काम करतो म्हणून. परवा कोट आत घ्यायला आलेल्या एका बाईनं मला फोनवर सहलीचे फोटो दाखवले. एका फोटोत एक माणूस लाकडी फळीला पाठ लावून उभा, हात पसरलेले, आणि अंगाभोवती सुऱ्या रुतलेल्या. "काय धीट माणूस आहे ना!" ती म्हणाली. तो धीट माणूस माझ्या पोटचा होता. मी मान डोलावली. तिचा कोट मात्र सांगितल्यापेक्षा अर्धा इंच जास्त आत घेतला गेला.

त्याला घेऊनच परत जायचं. माझं इथं दुसरं काही काम नाही.

स्टेशनापासून इथवर यायला दीड तास लागला, त्यातला एक तास या शेवटच्या फर्लांगभर रस्त्याला. जगभरातून लोक हा रस्ता बघायला येतात म्हणे. काय बघतात कोण जाणे. भर दुपारी दिवे जळतायत. इकडे नाचाची थिएटरं, तिकडे हसवायची, मध्ये आरशांचं घर आणि बंदुकीनं फुगे फोडायची दुकानं. प्रत्येक दारात एक जण गळा फाडून ओरडतोय आणि एकाचं गाणं दुसऱ्याच्या गाण्यावर चढतंय. माणसं फोन वर धरून चालतात, समोर बघतच नाहीत. माझ्या बॅगेचं एक चाक कुणीतरी पायानं मोडलं आणि वर मलाच 'जरा सांभाळून' म्हणाला. सशाचं रबरी डोकं घातलेला एक जण फोटोसाठी माझ्या गळ्यात पडायला आला. मी त्याच्या पोटात छत्रीचं टोक खुपसलं. आतून बारीक आवाजात 'आई गं' असं ऐकू आलं. पैसे घेऊन गळ्यात पडणाऱ्यांना असंच पाहिजे.

भिंगरीनं दार उघडलं आणि पांढरा पडला. म्हणाला, "कळवलं असतंस तर घ्यायला आलो असतो."

मी म्हटलं, "तू कळवलं असतंस तर मी तीन वर्षांपूर्वीच आले असते."

मंगळवार, ५

खोली तिसऱ्या मजल्यावर, टोपांच्या दुकानाच्या वर. एक खाट, एक खुर्ची, एक शेगडी. खिडकीसमोर हातभर अंतरावर थिएटरची पाटी, ती लाल होते, निळी होते, पुन्हा लाल होते. चहासुद्धा दोन रंगांचा दिसतो. तो मला खाट देऊन स्वतः 'खाली मित्राकडे' झोपला. कोण मित्र, विचारलं तर सांगेना.

सकाळी समोरासमोर बसवून विचारलं. सगळं कबूल केलं, मान खाली घालून नाही, वर करून. दिव्यांचं काम पहिले चार महिने केलं. मग सुऱ्या फेकणाऱ्या बाईचा फळीवरचा माणूस पळून गेला आणि हा उभा राहिला. जाहिरातीवर याचं नाव 'पुतळा' असं आहे. ज्याला मी वर्गात बसवण्यासाठी मास्तरांच्या पाया पडले होते, तो आता पुतळा.

"आई, मला ते जमतं," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट जमतंय."

"उभं राहायला जमतं? खांबालाही जमतं."

"खांबावर कुणी सुऱ्या फेकत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. मी भांडी घासायला घेतली.

संध्याकाळी ती आली. सुरीवाली. चाळिशी ओलांडलेली, उंच, केस पुरुषासारखे कापलेले, हात माझ्या हातांपेक्षा खरखरीत. हा तिला ताई म्हणतो. ताई म्हटलं की सगळं झाकलं जातं असं याला वाटतं. तिनं मला मावशी म्हटलं. मी सांगितलं, माझ्या बहिणीला मुलं नाहीत. तिनं हातातली जाड चादर खिडकीवर खिळ्यांनी ठोकली आणि निघून गेली. आता पाटीचा उजेड आत येत नाही, पण वाराही येत नाही. एवढं काय झाकायचं आहे हिला?

बुधवार, ६

खेळ पाहिला. दुपारी दोनचा. दिवसातून तीन खेळ असतात, दोन, पाच, आठ, जणू काही औषधाच्या गोळ्या.

तीनशे माणसं, आणि एकाच्याही तोंडून 'थांबवा' असं निघालं नाही. ती काळ्या कपड्यांत येते, वाकत नाही, हसत नाही. माझा मुलगा फळीला पाठ लावतो. मग सुऱ्या. चौदा. पहिल्या बारा एकेक करून, डावी-उजवी, डावी-उजवी, कमरेपासून खांद्यापर्यंत. शेवटच्या दोन ती एकदम फेकते, दोन्ही हातांनी, दोन्ही दंडांच्या बाजूला. मी सात मोजल्या आणि डोळे मिटले. बाकीच्या आवाजावरून मोजल्या. शेजारचा माणूस तोंडात काहीतरी टाकून चघळत होता. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानं मला कोपरानं ढोसून विचारलं, "झकास ना?" मी त्याला म्हटलं, तुझ्या मुलाला उभा कर, मग सांगते. तो उठून दुसऱ्या खुर्चीवर गेला.

आणि तो डगला! काळं जाकीट, आत कडक अस्तर घालून फुगवलेलं, दोन्ही बाजूंना दंडाखालून काखेतून कमरेपर्यंत रुपेरी पट्टी. अंगापासून दोन-दोन बोटं लांब उभं राहतं, पोत्यात काठी ठेवावी तसं. माझा मुलगा इतका वाळलाय की कुणाचं तरी मागून आणलेलं घातल्यासारखं दिसतं. शिंपिणीच्या पोराच्या अंगावर असला कपडा, आणि तीनशे माणसं बघतायत.

खेळ संपल्यावर मी पडद्यामागे गेले. ती सुऱ्या पुसत बसली होती, लेकराचं अंग पुसावं तशी. मी सरळ विचारलं, "त्याच्याकडे बघून सुरी फेकताना तुमचा हात थरथरत नाही?"

"मी त्याच्याकडे बघतच नाही," ती म्हणाली. "बघितलं तर हात थांबेल. मी फक्त पट्टी बघते. पट्टीला खेटून, बाहेरून."

म्हणजे माझा मुलगा तिच्या लेखी माणूसच नाही. पट्टी आहे. काय काळीज म्हणायचं हे! मी तिथून निघाले ती थेट खोलीवर.

गुरुवार, ७

त्याच्याशी बोलले नाही. तो माझ्याशी बोलला नाही. अंडी उकडून ठेवली होती, ती त्यानं खाल्ली.

शुक्रवार, ८

थिएटरच्या मालकाला भेटले. गोल, घामट माणूस, बोलताना माझ्या डोक्यावरून बाहेरची तिकिटांची रांग बघत होता. मी म्हटलं, माझ्या मुलाला मोकळं करा. तो म्हणाला, "मी कुठं बांधलंय? तुमचा मुलगा या रस्त्यावरचा सगळ्यात चांगला फळीवरचा माणूस आहे. शिंक आली तरी गिळतो. तो हलला, तर मात्र त्याच दिवशी घरी. हललेल्या माणसासमोर कुणी सुरी उचलत नाही, इथंच नव्हे, कुठंच नाही. फेकणाऱ्याचा विश्वास उडाला की संपलं."

मनात आलं, एकदा हल बाबा, थोडासा हल. लगेच स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. आईनं काय मागावं याला काही धरबंध?

परत येताना जिन्यात भिंगरी आणि ती बसलेले दिसले. तो तिला माझ्या स्वयंपाकाची नक्कल करून दाखवत होता, मी कसं मीठ टाकताना स्वतःशीच भांडते ते. ती पोट धरून हसत होती. मला बघून दोघं गप्प झाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? मी बाजूनं निघून वर आले.

कानामागून आली आणि तिखट झाली. सत्तावीस वर्षं मी याच्या मागं धावले, आणि हा उभा राहिला कुणासमोर, तर हिच्या.

शनिवार, ९

आज सकाळी त्यानं जाकीट आणून दिलं. काखेत अस्तर उसवलं होतं. थिएटरचे कपडे सांभाळणारे आजोबा दात काढायला गेलेत, म्हणून. माझ्या हातात देताना म्हणाला, "आई, काखेत दोन टाके घाल फक्त. बाकी कशाला हात लावू नकोस."

मला! बत्तीस वर्षं लोकांच्या अंगावर कपडा बसवतेय, आणि मला सांगतो हात लावू नकोस.

तो बाहेर गेला. मी दोन टाके घातले. मग जाकीट खुर्चीच्या पाठीवर अडकवलं आणि बघत बसले. शिवणारा आंधळा होता की काय, असं शिवलेलं. कडक अस्तर तर नुसतं भरताड. दुपारचा खेळ आज नव्हता, काहीतरी विजेच्या तारांचं काम चाललं होतं. तीन तास होते हातात. मी दोन्ही बाजू उसवल्या, अस्तर छाटलं, दोन्हीकडून दोन-दोन बोटं आत घेतलं. पट्टी अर्थात नव्या शिवणीवर घेतली, नाहीतर ती मागं वळली असती. हातानंच शिवलं, उलटी टीप, टाका असा बारीक की भिंग लावून शोधावा. कच्चे टाके ओढून काढले तेव्हा बरं वाटलं. या घाणेरड्या रस्त्यावर आल्यापासून पहिल्यांदा मी काहीतरी नीट केलं होतं.

संध्याकाळी तो आला, जाकीट उचललं, आणि थांबला. बोट पट्टीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. मला वाटलं, आता चिडेल. मी आधीच म्हटलं, "निदान माझ्या मुलासारखा तरी दिसशील त्यात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "छान झालंय, आई."

तारांचं काम लांबलं, संध्याकाळचे दोन्ही खेळही रद्द झाले. उद्या दोनच्या खेळाला तो हेच घालणार आहे. मी जाणार आहे. या वेळी डोळे मिटणार नाही.

रविवार, १०

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. तो आत आहे. जिवाला धोका नाही, असं नर्सनं दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं मला बसायला सांगितलं.

डोळे उघडे ठेवले होते. बाराही सुऱ्या पाहिल्या. पहिल्या दिवशी तो खरोखर पुतळ्यासारखा होता. आज नव्हता. प्रत्येक सुरीला तो किंचित सरकत होता, कधी या बाजूला, कधी त्या, श्वास घेतल्यासारखं. लोकांना दिसलं नसेल, पण मी त्याला पाळण्यात बघितलंय. आठव्या सुरीला तिनं हात थांबवला. कपाळावरून मनगट फिरवलं, डोळे चोळले. त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली, चालू दे म्हणून. मग शेवटच्या दोन. एक त्याच्या डाव्या दंडाशेजारी फळीत रुतली. दुसरी उजव्या दंडात.

तो ओरडला नाही. ती ओरडली. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. किती वेळ वाजवल्या! मी खुर्च्यांवरून चढून गेले तोवर वाजतच होत्या.

नऊ टाके पडले. डॉक्टरांनी जखम दाखवली. टाके सरळ नाहीत.

रविवार, थोड्या वेळानं

मालक आला होता. फळांची पिशवी घेऊन, पण पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "काय झालं?"

ती कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "चूक माझी. मला काहीतरी..."

"मी हललो," भिंगरी म्हणाला.

"हललास?" मालकानं विचारलं.

"हो. ताईची चूक नाही. मी हललो."

मालकानं पिशवी ठेवली. "मग तुला माहीत आहे," म्हणाला, आणि गेला.

संपलं. देवानं ऐकलं म्हणायचं तर जीभ रेटत नाही. पण तो घरी येतोय. जखम भरेल, वण राहील, बाहीखाली दिसणार नाही. स्वतःच कबूल केलं, मी हललो म्हणून. मग एवढं मोठं काय होतं त्याचं ते जमणं?

सोमवार, ११

त्याला खोलीवर आणलं, तो औषध घेऊन झोपला होता. मी त्याचे कपडे भरत होते. ती आली, हातात जाकीट. उजवी बाही कापलेली, रक्त वाळून काळं झालेलं. माझी शिवण मात्र एका टाक्यानंही सुटली नव्हती.

"टेप आहे ना तुमच्याकडे?" तिनं विचारलं. मावशी म्हणाली नाही. "शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा. मग हे बघा." तिनं कागद पुढं केला. जुनी मापं. अडीच-पावणेतीन वर्षांपूर्वीची, तिच्या हातची. पट्टी अंगापासून दोन बोटं लांब, दोन्हीकडे.

मी मोजलं नाही. मला माप माहीत होतं.

"मी पट्टीला खेटून फेकते. तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी वहीची मागची पानं उलटून बघितली, बुधवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी ते रागानं ऐकलं आणि रागानं लिहिलं. आता कितीही आठवून बघितलं तरी मला सांगता येत नाही, की शनिवारी ते जाकीट खुर्चीवर अडकवून बघत बसले तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यात होतं की नव्हतं. नव्हतं, असं मी शपथेवर सांगेन. पण शपथ घालायला कुणी नसताना सांगता येत नाही.

"मालकाला सांगा," ती म्हणाली. "एवढंच. कपडा बदलला होता म्हणा. तो राहील. मी सांगितलं असतं, पण त्यानं मला शपथ घातलीय, माझ्या तोंडून निघणार नाही. तुमच्या तोंडून निघायला पाहिजे."

"आणि मग तो पुन्हा फळीवर उभा राहील."

"हो."

"तुमच्यासमोर."

"त्याला हवं असेल तर." तिचे डोळे सुजलेले होते. हिलाही डोळे आहेत हे मला आजच दिसलं. पण म्हणून काय झालं? मी नऊ टाके पाहिलेत. उद्या ते छातीत असतील.

मी टेप गुंडाळली, गुंडाळी पिशवीत टाकली. म्हटलं, "आमची गाडी सकाळी सातची आहे. खिडकीवरची तुमची चादर काढून घेऊन जा."

तिनं खिळे एकेक करून उपटले. पाटीचा लाल उजेड त्याच्या अंगावर पडला, मग निळा.

मंगळवार, १२

स्टेशनपर्यंत तोच रस्ता. सकाळी दिवे बंद होते, तेव्हा कळलं, भिंतींना रंगसुद्धा नाहीत. अंगाला चंदेरी रंग फासून रस्त्यावर उभा राहणारा एक माणूस बादलीत तोंड धुवत होता. त्यानं माझ्या मुलाला हाक मारली, "पुतळ्या!" आणि मग ओशाळून मान खाली घातली. बातमी पसरली होती.

गाडीत भिंगरी एका जागी बसून राहिला. सहा तास.

सोमवार, २५

तेरा दिवस लिहिलं नाही. गणवेशांची गर्दी. तो डाव्या हातानं बटणं लावतो. गिऱ्हाईक बायका म्हणतात, लेक परत आला, नशीब काढलंत. शांत आहे हो किती, म्हणतात. ज्यांनी त्याला लहानपणी पाहिलंय त्याही म्हणतात.

आज त्याचं बँडेज सुटलं, म्हणून नवा शर्ट शिवायला माप घेत होते. म्हटलं, उभा राहा. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, हात पसरून. मी टेप लावली, छाती, खांदा. पापणी लवली नाही. छाती वरखाली होतेय की नाही तेही कळेना. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "हल की जरा, मेल्या. माणसासारखा उभा राहा."

"आई," तो म्हणाला, समोर बघतच, "तू पट्टी सरकवलीस ते मला जाकीट हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. "मग घातलंस कशाला?"

"तू इतकी खूश होतीस. आल्यापासून पहिल्यांदा." त्याचे पसरलेले हात तसेच होते. "आणि उसवायला दिलं असतं तर ताई तुला बोलली असती. म्हटलं, दोन बोटांचा तर प्रश्न आहे. ती फेकेल तसा मी सरकेन."

"मला सांगायचं होतंस."

"बारा सुऱ्या मी सांभाळल्या. एक डावीकडून आली की उजवीकडे, उजवीकडून आली की डावीकडे. पण शेवटच्या दोन्ही एकदम येतात, आई. तू दोन्हीकडून आत घेतलं होतंस. कुठं सरकणार?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. मी त्याला सांगू शकले असते, की ती माझ्याकडे आली होती, की मालकाला एक वाक्य सांगायचं होतं फक्त, आणि मी ते सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती, की हे कळलं तर हा आत्ता, या क्षणी उठून जाईल.

मी इथं टेबलाशी येऊन बसले आहे आणि हे लिहितेय. तो अजून भिंतीला पाठ लावून उभा आहे, हात पसरून. उजवा हात दुखत असणार. हात खाली घे म्हणायला माझं तोंड उघडत नाही.